ट्रॅक डेच्या आदल्या रात्री गाडी कुठे उभी आहे?

ट्रॅक डेची तयारी करताना माणूस टायरच्या रबरापासून लेदर सुटाच्या चेनपर्यंत सगळ्याचा विचार करतो. ब्रेक ऑइल बदलतो, आरसे उतरवतो, दिव्यांवर चिकटपट्टी घरीच लावायची की तिथे गेल्यावर, यावर ग्रुपवर तासभर वाद घालतो. आदल्या रात्री गाडी कुठे उभी राहणार हे मात्र कुणी विचारत नाही. ते लॉजवर पोचल्यावर बघू, असं ठरतं. लॉजवर पोचायला रात्रीचे नऊ वाजतात, पोटात कावळे ओरडत असतात, आवारात जागा मिळेल तिथे गाड्या लागतात, हँडल लॉक होतं आणि मंडळी जेवायला निघतात. लाखांच्या गाडीच्या सुरक्षेचा निर्णय त्या दोन मिनिटांत उरकलेला असतो.

महाराष्ट्रातल्या रायडरला ही रात्र चुकत नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा छोटा ट्रॅक आहे, तिथे पुण्याहून पहाटे निघून पोचता येतं. पण मोठ्या सर्किटवर गाडी पळवायची तर घर सोडावंच लागतं. चेन्नईच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टईला 3.717 किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ज्याला जुनी मंडळी अजून एमएमआरटीच म्हणतात. कोइम्बतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे, 2.1 किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 5.125 किलोमीटरचं. पुण्याहून चेन्नई असो वा कोइम्बतूर, अंतर साधारण 1,200 किलोमीटर. म्हणजे एक रात्र वाटेत, एक ट्रॅकजवळ, आणि परतीची तेवढीच. सकाळी सातच्या सुमाराला ब्रीफिंग असतं, त्यामुळे ट्रॅकजवळची रात्र बहुतेकांची अनोळखी गावातच जाते.

माझं मत स्पष्ट आहे. त्या रात्रीची गाडीची सुरक्षितता बुकिंगच्या फोनवर ठरते. कुलूप, साखळी, अलार्म या गोष्टी लागतातच, पण जागा चुकली असेल तर त्या फार तर चोराची दहा मिनिटं खातात.

आधी चोरी कशी होते ते नीट समजून घेऊ. हँडल लॉक हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात कच्चा भरवसा. हँडलवर नेमकी लाथ बसली की आतला छोटा खिळा तुटतो. मग गाडी चालू करायचीही गरज नसते. एक जण तिच्यावर बसतो, दुसरा आपल्या गाडीवरून फूटरेस्टला पाय लावून तिला ढकलत नेतो. रात्री दोन वाजता हायवेवर असं दृश्य दिसलं तर बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्यांचं पेट्रोल संपलं. दुसरी पद्धत उचलून नेण्याची. आर15 साधारण 142 किलोची, अपाचे आरआर 310 साधारण 174 किलोची. चौघांनी उचलली तर माणशी पस्तीस ते पंचेचाळीस किलो. टेम्पोच्या फाळक्याशी गाडी लावलेली असेल तर एक मिनिटही लागत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी पूर्ण गाडी जाण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडते: सुटे भाग जातात. मोबाइल होल्डर, टेल बॅग, लिव्हर, कॅमेऱ्याचा माउंट. लहान गावात पेट्रोलही जातं.

ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाडीची आणखी एक अडचण असते. काहींनी वजन आणि कटकट कमी करायला चावीचा स्विच काढून साधं बटण बसवलेलं असतं. अशा गाडीला हँडल लॉकही उरत नाही आणि ती कुणीही चालू करू शकतो. काहींनी नंबर प्लेट घरीच काढून ठेवलेली असते. गाडी टेम्पोतून नेत असाल तरी प्लेट ट्रॅकच्या पॅडॉकपर्यंत जागेवर असू द्या. बिननंबराची गाडी हरवली तर हायवेवरचा पोलीस तिला ओळखणार कशी? आणि ती रस्त्यावर चालवत नेत असाल तर प्लेटशिवाय नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता त्या फोनकडे येऊ. हॉटेल बुकिंगच्या अ‍ॅपवर ‘पार्किंग उपलब्ध’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तळघरातल्या बंद पार्किंगपासून रस्त्याच्या कडेपर्यंत काहीही असू शकतो. म्हणून अ‍ॅपवर पैसे भरण्याआधी थेट रिसेप्शनला फोन करा. आवाराला फाटक आहे का, ते रात्री बंद होतं का, आणि कुलूप कुणाकडे असतं, हे विचारा. वॉचमन रात्रभर असतो की अकरानंतर रिसेप्शनवरच आडवा होतो, हेही विचारा. यात संकोच वाटायचं कारण नाही. कॅमेरे असतील तर ते पार्किंगकडे बघतात की फक्त काउंटरवरच्या गल्ल्याकडे, हा प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस सहसा हसतो आणि खरं सांगतो. शेवटी विचारा की मोटरसायकल आत, जिन्याखाली किंवा मागच्या पॅसेजमध्ये घेता येईल का. लहान लॉजचे मालक याला अनेकदा तयार होतात. चकचकीत हॉटेलवाले नियम दाखवतात. माझा कल म्हणून लहान लॉजकडे असतो, जिथे मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला असते.

खोली तळमजल्यावरची आणि पार्किंगकडे खिडकी उघडणारी मागा. समोरच्या देखाव्याची खोली दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. खिडकीतून गाडी दिसत असेल तर मध्यरात्री उठून खाली चक्कर मारायची गरज पडत नाही, आणि सकाळी ट्रॅकवर उतरणाऱ्याला झोप हवी असते. रात्रभर चार वेळा खाली जाऊन आलेला माणूस तिसऱ्या सेशनला ब्रेकचा पॉइंट चुकवतो.

‘पार्किंग स्वतःच्या जबाबदारीवर’ ही पाटी सगळीकडे असते. तिच्याबद्दल कायद्यात एक महत्त्वाचा निकाल आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये 1998 साली एका पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅलेच्या हाती दिली आणि ती चोरीला गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की गाडी आणि किल्ली ताब्यात घेतल्यावर हॉटेलवर काळजी घेण्याची जबाबदारी येते, आणि पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ छापलं म्हणून हॉटेल आपली हयगय झाकू शकत नाही. यातली मेख ‘ताब्यात घेतल्यावर’ या शब्दांत आहे. तुम्ही स्वतः गाडी लावली, किल्ली खिशात घातली, तर हॉटेलने गाडी ताब्यात घेतली असं म्हणणं अवघड होतं. मग किल्ली द्यायची का? सहाशे सीसीची गाडी रात्री कुणाला तरी हलवायला देणं हा वेगळाच जुगार आहे. मी किल्ली देणार नाही. पण रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर लिहून घ्यायला लावा, पार्किंगचं टोकन असेल तर घ्या, आणि गाडी जिथे लावली तिथला फोटो आवारासकट काढून ठेवा. पुढे काही झालंच तर गाडी त्या रात्री त्या आवारात होती हे तरी निर्विवाद राहील.

वॉचमनशी बोला. नाव विचारा, मोबाइल नंबर घ्या, त्याची पाळी कधी बदलते ते समजून घ्या. तामिळनाडूत ‘अण्णा’ म्हणून हाक मारली की निम्मं काम होतं, उरलेलं चहापाण्याला दिलेल्या नोटेने. पैसे दोन हप्त्यांत द्यावेत: थोडे रात्री, बाकीचे सकाळी गाडी बघून. आणि त्याला स्पष्ट सांगा की गाडीवर कुणाला बसू देऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. साइड स्टँडवर उभी असलेली स्पोर्ट्स बाईक पडते ती बहुधा सेल्फी काढणाऱ्याच्या हातून.

आवारात जागा निवडताना मागचं चाक भिंतीकडे, तोंड मोकळ्या बाजूला, असा आपला रिवाज आहे, कारण सकाळी काढायला सोपं जातं. चोरालाही तेच सोपं जातं. जागा असेल तर गाडी भिंतीला समांतर, अगदी चिकटून लावा आणि बाहेरच्या बाजूला सोबतच्या माणसाची कार किंवा टेम्पो आडवा लावा. गाडी बाहेर काढायला आधी दुसरं वाहन हलवावं लागेल अशी रचना ही मला माहीत असलेली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम व्यवस्था. तिला एक रुपया लागत नाही.

साखळीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे तिच्या जाडीपेक्षा प्लॅस्टिकच्या रंगीत वेष्टणाकडे जास्त पाहिलं जातं. सायकलच्या दुकानात मिळणारी केबल, कितीही जाड दिसली तरी, आत बारीक तारांचा जुडगा असतो आणि हाताच्या कटरने ती सहज तुटते. हवी ती कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी कड्यांची साखळी. दहा मिलिमीटरच्या खालची घेऊ नका. सोळा मिलिमीटरची साखळी हाताच्या कटरला सहसा दाद देत नाही, तिला ग्राइंडर लागतो, आणि ग्राइंडरचा आवाज गाव जागं करतो. पण दीड मीटर लांबीची अशी साखळी सात-आठ किलो भरते. ती पाठीवरच्या सॅकमध्ये घालून 1,200 किलोमीटर चालवू नका. पडलात तर तीच मणक्यावर येईल. टेम्पो किंवा सपोर्ट कार असेल तर जाड साखळी न्या, एकटे चालवत जात असाल तर दहा-बारा मिलिमीटरची टेल बॅगच्या तळाशी ठेवा. ब्रिटनची ‘सोल्ड सिक्युअर’ संस्था कुलपांची चाचणी घेऊन ब्राँझपासून डायमंडपर्यंत श्रेणी देते. आपल्या बाजारात तसा शिक्का असलेला माल महाग पडतो, पण विकत घेताना तो शोधण्यासारखा असतो.

साखळी पुढच्या चाकातून घालू नका. पुढचा अ‍ॅक्सल सुटला की चाक तुमच्या साखळीत राहतं आणि गाडी जाते. मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून एकत्र घाला. फेअरिंग असलेल्या गाडीत फ्रेमपर्यंत पोचणं कठीण असतं, म्हणून हीच जागा बरी. साखळी जमिनीवर लोळत ठेवली तर चोर तिच्यावर हातोडा चालवतो किंवा कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून सगळं वजन दुसऱ्यावर टाकतो. ती ताणलेली आणि जमिनीपासून वर राहील अशी गुंडाळा. दुसरं टोक कशाला बांधायचं? लोखंडी खांब, काँक्रीटचा पिलर, जमिनीत रोवलेली जनरेटरची चौकट. पाण्याचा पाइप, पत्र्याच्या शेडचा कोन, बिजागरीवरून उचलून काढता येणारं फाटक, यांना बांधण्यात अर्थ नाही. बांधायला काहीच नसेल आणि तुम्ही तिघे-चौघे असाल, तर गाड्या एकमेकींना बांधा: एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, मागची चाकं जवळजवळ, आणि साखळी सगळ्यांच्या स्विंगआर्ममधून. तीन आरआर 310 मिळून पाचशे किलोच्या पुढे जातात, शिवाय तोंडं उलटी असल्यामुळे त्या ढकलताही येत नाहीत.

डिस्क लॉक हलकं आणि उपयोगी. अलार्मचं असेल तर आणखी चांगलं, फक्त मांजराने उडी मारली तरी ते किंचाळतं आणि दोन-तीनदा झोपमोड झाली की माणूस खाली जाऊन ते बंद करून येतो. म्हणून जिथे माणसांची ये-जा नाही अशा कोपऱ्यात गाडी असेल तरच अलार्म लावा. डिस्क लॉकसोबत पिवळ्या रंगाची गुंडाळीदार दोरी मिळते. ती लॉकपासून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत ताणून अडकवायची असते, म्हणजे सकाळी लॉक काढायचं विसरत नाही. बहुतेक जण ती दोरी पाकिटातच ठेवतात. लॉक लावलेली गाडी गियरमध्ये टाकून सोडली की चाक अर्धा फेरा फिरतं, लॉक कॅलिपरवर आदळतं आणि गाडी आडवी होते. डिस्क वाकली तर तो ट्रॅक डे तिथेच संपला.

एक फुकटची युक्ती: फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सीटखाली किंवा बाजूला फ्यूज बॉक्स असतो. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात ठेवा. स्टार्टर फिरेल, इंजिन सुरू होणार नाही. कोणता फ्यूज ते घरीच मॅन्युअलमध्ये बघून, एकदा काढून-लावून बघितलेलं असावं, लॉजच्या आवारात मोबाइलच्या उजेडात प्रयोग करू नयेत. फ्यूज किल्लीच्या जुडग्याला छोट्या पाकिटात अडकवा, म्हणजे पहाटेच्या घाईत शोधावा लागणार नाही.

गाडीवर कव्हर घालायचं ते सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर. साधं, मळकट, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेलं कव्हर उत्तम. झाकलेली गाडी कोणती हे बघायला कुणाला तरी वाकावं लागतं, आणि वाकणारा माणूस वॉचमनला दिसतो. कव्हरला खाली दोरी असेल तर बांधा, नाहीतर वाऱ्याने उडून ते गाडीवर घासत राहतं.

पॅडॉक स्टँडवर गाडी उघड्या आवारात रात्रभर ठेवू नका. धक्का लागला तर ती साइड स्टँडपेक्षा लवकर पडते. बंद गॅरेजमध्ये चालेल.

टेम्पोतून गाड्या नेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि मला वाटतं त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप भाड्याने घेतला, पट्ट्यांनी दोन गाड्या आवळल्या, की लोक निर्धास्त होतात. रात्री गाड्या उतरवायच्या नसतात, कारण सकाळी पुन्हा चढवायला कोण मजूर शोधणार? मग गाड्या टेम्पोतच राहतात, ताडपत्रीखाली, आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो. ही व्यवस्था वाईट नाही, पण तीन गोष्टी तपासा. टेम्पोचा मागचा फाळका भिंतीला टेकवून उभा करा, म्हणजे तो उघडताच येणार नाही. गाडीचं चाक टेम्पोच्या चेसिसला किंवा बॉडीच्या जाड लोखंडी कडीला साखळीने बांधा, पट्टे तर चाकूने कापले जातात. आणि ड्रायव्हर जेवायला जाताना तुमच्यापैकी एकाला तिथे बसवा. टेम्पो आणि माणूस एकाच वेळी नजरेआड झाले असं रात्रभरात एकदाही होऊ नये. ड्रायव्हरला स्वतंत्र खोली दिली तर टेम्पोला वॉचमन नसतो, आणि खोली न देता त्याला दिवसभर गाडी हाकायला लावली तर तो केबिनमध्ये इतका गाढ झोपतो की शेजारी ढोल वाजला तरी उठत नाही. म्हणून शक्य असेल तर दोन ड्रायव्हर किंवा दोन मुक्काम असं ठरवा. भाड्यात हजार-दोन हजार वाचवायला एकाच ड्रायव्हरला पुणे ते चेन्नई एका दमात नेणं सगळ्यांच्याच जिवावरचं काम आहे.

मुक्काम लांबला तर पुढच्या फोर्कवरचे पट्टे थोडे सैल करा. फोर्क पूर्ण दाबलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवायची गरज नसते. फक्त सकाळी निघताना ते पुन्हा आवळले का, हे दुसऱ्या माणसाने बघावं.

वाटेतल्या मुक्कामाला हायवेवरचा ढाबा सोयीचा वाटतो. हुबळी, चित्रदुर्ग, होसूर, कृष्णगिरी या पट्ट्यात रात्रभर ट्रक येत-जात असतात. गर्दी असते म्हणून सुरक्षित, असा समज आहे. त्या गर्दीत कोण कुणाच्या गाडीजवळ वाकलाय हे कुणीच बघत नाही, आणि वेगाने निघून जायला हायवे दहा फुटांवर असतो. गावात आत शिरून, वस्तीतल्या लॉजवर थांबणं बरं.

ट्रॅकवरच गाडी ठेवता येते का, हे आयोजकांना आठवडाभर आधी विचारा. काही वेळा पिटमधलं गॅरेज आदल्या संध्याकाळपासून मिळतं. मिळालं तर आनंदाने घ्या, पण आधी गॅरेजची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. तेच गॅरेज आणखी कुणाला दिलंय का, म्हणजे उद्या पहाटे पाच वाजता येऊन कुणी तुमच्या गाडीशेजारी सामान काढणार का? ट्रॅकचं मुख्य फाटक रात्री किती वाजता बंद होतं? हे प्रश्न उद्धट वाटत नाहीत, चांगले आयोजक त्यांची उत्तरं आधीच तयार ठेवतात. इरुंगाट्टुकोट्टई हा औद्योगिक पट्टा आहे, ह्युंदाईचा मोठा कारखाना तिथेच आहे. रात्रपाळीच्या माणसांची आणि ट्रकांची ये-जा चालू असते, त्यामुळे ट्रॅकच्या बाहेर, रस्त्याकडेला ‘फक्त दोन तास’ गाडी उभी करण्याचा विचारही नको.

सुटा माल सगळा खोलीत. हेल्मेट, लेदर सूट, ग्लव्हज, हत्यारांची पेटी, टायर वॉर्मर, कॅमेरा, मोबाइल होल्डर. लेदर सूट कारमध्ये ठेवू नका. काचेतून दिसणारी बॅग काच फोडायला पुरेशी असते. पेट्रोलचे कॅन मात्र खोलीत अजिबात नेऊ नका. ते हॉटेलच्या परवानगीशिवाय आवारातही ठेवू नका. ट्रॅकजवळच्या पंपावर सकाळी भरून घ्या.

ट्रॅकरबद्दल दोन शब्द. एअरटॅगसारखं बटण गाडीत लपवणं सोपं आणि स्वस्त आहे, पण ते स्वतः सॅटेलाइटशी बोलत नाही. ते जवळून जाणाऱ्या फोनांवर अवलंबून असतं. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय हा इशारा काही वेळाने चोराच्या फोनवरही येतो. गाडी हललीय हे रात्री तुम्हाला लगेच कळावं असं वाटत असेल तर सिमकार्ड असलेला जीपीएस ट्रॅकर लागतो. तो बॅटरी खातो, आणि ट्रॅकच्या गाड्यांत वजन वाचवायला लहान लिथियम बॅटरी असते. आठवडाभर उभी ठेवून सकाळी गाडी सुरू होते का, हे घरीच तपासा. ट्रॅकरवर गाडी दिसली तरी एकट्याने मागे जाऊ नका. 112 ला फोन करा आणि ठिकाण पोलिसांना द्या.

ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर आदल्या रात्री हॉटेलच्या नावासकट, आवारातल्या गाड्यांची रांग दाखवणारी रील टाकणं ही आता प्रथाच झालीय. सोमवारी टाका ना. सहा स्पोर्ट्स बाईक कुठल्या गावात, कुठल्या पत्त्यावर, किती वाजेपर्यंत उभ्या आहेत याची एवढी नेमकी माहिती चोराला दुसरीकडे मिळणार नाही.

आता चोराशिवायचे पाहुणे. लॉजच्या आवारातले कुत्रे कव्हर फाडतात, चाकावर पाय वर करतात, ते पुसता येतं. उंदीर जास्त वाईट. बंद गॅरेजमध्ये, धान्याच्या गोदामाशेजारी किंवा हॉटेलच्या किचनमागे गाडी असेल तर रात्रीत वायर कुरतडली जाऊ शकते. म्हणून जागा निवडताना किचनची मागची बाजू टाळा, आणि खाण्याचा डबा टेल बॅगमध्ये विसरू नका. आणि लहान मुलं. त्यांना गाडीवर बसून लिव्हर ओढायला आवडतं, ते स्वाभाविक आहे, पण त्याचा परिणाम तुम्हाला पहिल्या वळणावर कळायला नको.

यासाठी एक उपाय मला फार आवडतो. घरून निघताना अ‍ॅक्सलच्या नटवर, ब्रेक कॅलिपरच्या बोल्टवर, ऑइल ड्रेन बोल्टवर आणि हँडलबारच्या बोल्टवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढा, अशी की रेघेचा अर्धा भाग नटवर आणि अर्धा शेजारच्या धातूवर येईल. नट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते. सकाळी मोबाइलचा उजेड टाकून एक नजर फिरवली की रात्रीत कुणी हात लावलाय का ते समजतं. रेसिंगचे मेकॅनिक हेच काम वेगळ्या रंगाने करतात. रेघ तुटलेली दिसली तर हत्यार काढून टॉर्क तपासल्याशिवाय गाडी ट्रॅकवर घालू नका.

सकाळी बाकीचंही बघा. ब्रेक लिव्हर नेहमीइतकीच दाबली जाते का, टायरची हवा थंड टायरवर तीच आहे का, चेनची ढिलाई तीच आहे का, गाडीखाली तेलाचा किंवा पेट्रोलचा डाग आहे का. फ्यूज परत बसवा. डिस्क लॉक काढा. हे सगळं लॉजच्या आवारातच करा. ट्रॅकवर गेल्यावर ब्रीफिंग, स्क्रुटिनी आणि नाश्त्याच्या गडबडीत ते राहून जातं.

कागदपत्रांकडे आता वळू, कारण चोरी झालीच तर भरपाई कागदांवर ठरते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीला एक पैसाही मिळत नाही. चोरी भरून येते ती सर्वसमावेशक पॉलिसीत, आणि तिच्यातही संघटित शर्यत आणि वेग चाचणीदरम्यान झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर पडलात तर खर्च तुमचा. रात्री लॉजवर उभी गाडी चोरीला जाणं ही वेगळी गोष्ट आहे, पण ट्रॅक डेसाठी नेलेली गाडी असं समजल्यावर कंपनी काय भूमिका घेईल हे निघण्याआधीच तिला लेखी विचारून, उत्तर ईमेलवर ठेवा. बाहेरून बसवलेला महागडा सायलेन्सर किंवा क्विकशिफ्टर पॉलिसीत नोंदवलेला नसेल तर त्याचे पैसे मिळत नाहीत.

चोरीचा दावा करताना कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली गाडीतच राहिली होती, असं सांगावं लागलं की दावा अडकतो. म्हणून दुसरी किल्ली टेल बॅगमध्ये ठेवून प्रवास करू नका. ती घरी कपाटात ठेवा किंवा दुसऱ्या माणसाच्या खिशात. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचे स्पष्ट फोटो, आरसी आणि पॉलिसीची प्रत फोनमध्ये आणि घरच्या माणसाकडेही असू द्या. तुमचा फोनही त्याच बॅगेत गेला तर?

चोरी झाली असेल तर तक्रार परगावी देण्याला घाबरू नका. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, घटना कुठल्या हद्दीत घडली हे बघायची गरज नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत प्रत्यक्ष जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. भाषा येत नसेल तर तक्रार इंग्रजीत लिहून द्या आणि नोंदलेला चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवून घ्या. तो एका आकड्याने चुकला तर पुढे सहा महिने दुरुस्तीत जातात. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. तक्रार ताबडतोब दिलेली असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिराच्या एकाच कारणावरून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे, पण त्या निकालाचा आधार घ्यावा लागेल अशी वेळ स्वतःवर आणू नये.

पुढचा ट्रॅक डे ठरला असेल तर लॉजला आजच फोन करा. फाटकाची किल्ली कुणाकडे असते, तिथपासून सुरुवात करा.